उजेड किती फुटांवर? फॅशन पोर्ट्रेटच्या सरावाची पुढची नोंद

फॅशन पोर्ट्रेट समोर आलं की आपण सगळे पहिला प्रश्न विचारतो तो दिशेचा: लाइट डावीकडून आला की उजवीकडून, वरून की समोरून? गेल्या पावसाळ्यापासून मी त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला लागले आहे. लाइट किती लांबून आला? चेहरा उजळायला दिशा कळली तरी काम भागतं, पण कापडाचं सगळं गणित अंतरावर चालतं, आणि फॅशनच्या फोटोत निम्म्याहून जास्त फ्रेम कापडच व्यापतं. ही नोंद त्या अंतराबद्दल आहे.

आधी वाचनाची पद्धत सांगते. आवडलेला फोटो काळापांढरा छापून घ्यायचा, वर बटर पेपर ठेवायचा आणि पेन्सिलने फक्त सावल्यांच्या कडा उतरवायच्या. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरला तर त्या लाइटिंगचं नाव रेम्ब्राँ. सावली तिरकी, आखूड आणि सुटी असेल तर लूप. नाकाच्या बरोबर खाली पडली असेल तर बटरफ्लाय. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी 1930 च्या दशकात ही इतकी वापरली की तिला पॅरामाउंट लाइटिंग असंही नाव पडलं. इथपर्यंत बहुतेकांना येतं. डोळ्यातला उजेडाचा ठिपका चौकोनी की गोल, हेही आपण बघतो. पण जाहिरातींच्या फोटोंत रिटचिंग करणारे हे ठिपके पुसतात, नवे ठेवतातही, म्हणून माझा डोळ्यांपेक्षा कापडाच्या चुण्यांवर जास्त विश्वास आहे. एवढ्या चुण्या एकेक करून कोणी बदलत बसत नाही. खांद्यापासून खाली निऱ्यांपर्यंत बोट फिरवत न्या. उजेड कमरेपाशीच उतरायला लागला तर लाइट जवळ होता. चेहरा आणि गुडघे सारखेच उजळलेले असतील तर लाइट लांब होता, नाहीतर फार मोठा होता.

याच नजरेने अमेरिकन फोटोग्राफर अर्विंग पेनचे 1950 चे पॅरिसमधले फॅशनचे फोटो पुन्हा बघितले. वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ, उत्तरेचा नैसर्गिक उजेड आणि मागे नाटकाच्या थिएटरातला जुना पडदा, एवढंच सामान. काळा पोशाख मागच्या करड्यापेक्षा गडद आणि चेहरा त्या करड्याहून उजळ, त्यामुळे अंगाची बाह्यरेषा कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ निघते. मला यातली पार्श्वभूमीच जास्त मोलाची वाटते. ती काळी पडली असती तर पोशाखाचा आकार तिच्यात बुडाला असता, आणि पांढरी झाली असती तर चेहऱ्याचं वजन गेलं असतं. ती बरोबर मध्ये ठेवायची तर पडद्यापर्यंत किती उजेड पोहोचतो हे हातात असावं लागतं.

आता घरचा सराव. मावशीच्या जुन्या घराला गल्लीकडे उघडणारं दार आहे, साधारण तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच. आत सारवलेल्या मातीच्या भिंती, समोरची भिंत दारापासून आठ फुटांवर. मातीच्या भिंती उजेड फारसा परत देत नाहीत, त्यामुळे मोजमापाला ही खोली उत्तम. 18 टक्के करडं कार्ड (पडलेल्या उजेडातला 18 टक्के परत देणारं) दाराकडे तोंड करून धरलं, स्पॉट मीटर (एका छोट्या जागेवरचा उजेड मोजणारा) लावला आणि फुटाफुटावर रीडिंग घेतली.

पुस्तकात वाचलेला नियम असा, की अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा झाला). उघड्या फ्लॅशला तो चोख लागू पडतो, कारण फ्लॅशचं तोंड बोटभर असतं. दार मात्र स्वतःच मोठं आहे, त्यामुळे दाराजवळ नियम ढिला पडतो. एक फुटावरून दोन फुटांवर गेलं की जेमतेम अर्ध्या स्टॉपची घट. दोनवरून चारवर गेलं की एक स्टॉपहून थोडी जास्त. चारवरून आठवर दीड स्टॉपच्या पुढे. म्हणजे जसजसे आत जाल तसतसं दार छोट्या दिव्याच्या नियमाकडे झुकत जातं. हे आकडे वहीत लिहून ठेवा, सगळी पुढची रचना यावरच उभी आहे.

मॉडेल, म्हणजे माझी मावसबहीण, दारापासून दोन फुटांवर बसली की तिच्यात आणि मागच्या भिंतीत पावणेतीन स्टॉपचा फरक पडतो. भिंत जवळजवळ काळी होते. तीच चार फुटांवर बसली की फरक दीड स्टॉपच्या जरा पुढे येऊन थांबतो आणि भिंतीवरचे सारवणाचे हात दिसायला लागतात. भिंत तीच, दार तेच, कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, तेवढं चेहऱ्याप्रमाणे बदललं. पडदे विकत घ्यायच्या आधी दोन फूट मागे सरकून बघा, एवढंच माझं म्हणणं.

आता कापड. मावशीचा लग्नातला शालू वांगी रंगाचा आहे, गव्हाळ चेहऱ्यापेक्षा कितीतरी गडद. दोघांना सारखाच उजेड दिला तर चेहरा नीट येतो आणि शालू काळ्या गोळ्यासारखा बसतो. म्हणून बसायची पद्धत बदलली. मांडी दाराकडे, पाठ किंचित मागे झुकलेली, चेहरा दाराकडे वळवलेला. शालूचा मोठा भाग दारापासून दोन फुटांवर आला, चेहरा तीन फुटांवर गेला. कापडाला अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त उजेड मिळाला आणि वांगी रंग वांगी दिसला. पोझ सुचली ती अशी, मीटरमधून. मागे झुकल्यामुळे मानेची रेघ लांब झाली, खांदे तिरके झाले आणि फ्रेममध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर चेहऱ्यापर्यंत जाणारा कर्ण आपोआप तयार झाला.

पदराचंही बघा. नेहमीच्या नेसणीत पदर डाव्या खांद्यावर असतो. दार मॉडेलच्या डाव्या हाताला ठेवलं तर सगळ्यात जास्त उजेड पदरावर पडतो आणि बघणाऱ्याची नजर चेहऱ्याआधी तिथे जाते. जरतारी पदर दाखवायचा असेल तर हेच हवं. दार उजव्या हाताला ठेवलं तर चेहरा आणि ब्लाउजची बाही पुढे येते, पदर मागे सावलीत उतरतो. आपल्याकडे खानदेशात बरेच जण गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पदर पुढे आणतात. तिथे हे सगळं उलटं होतं, आणि पदर छातीवर पसरलेला असल्यामुळे उजेड पुढून थोडा तिरका आणावा लागतो, नाहीतर नक्षी सपाट पडते. नेसण बघितल्याशिवाय लाइटची बाजू ठरवू नये, हे मला आता पक्कं पटलं आहे.

रचनेबद्दल फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनचा 1955 चा, डोविमा ही मॉडेल आणि हत्तींचा फोटो मी सारखा उघडते. पॅरिसची सर्कस, डिओरचा काळा गाऊन, त्याला पांढरा पट्टा, दोन्ही बाजूंना हत्ती. बटर पेपरवर फक्त पांढरं काय आहे ते उतरवलं तर चेहरा, हात आणि पट्टा एवढंच उरतं, आणि ते तीन तुकडे मिळून एक वळणदार रेघ होते. पट्टा बाजूला उडाला असता तर रेघ पुरी झाली असती, ही हळहळ अ‍ॅव्हेडनला पुढे वाटत राहिली. मी ते वाचल्यावर शालूच्या फोटोत पांढऱ्याचा शोध घेतला: चेहरा, बांगड्यांचा हात, आणि पदराची जरीची किनार. किनार मध्येच मांडीखाली दडत होती. ती सोडवून बाहेर काढली आणि हाताच्या रेषेला मिळवली, तेव्हा फोटो जुळला.

जरीचा मात्र वेगळा हिशोब आहे, आणि तो मला मावशीने दाखवला. चेहऱ्यावर लूपची सावली सुरेख उतरलेला फोटो तिला दाखवला, तर ती अहिराणीत म्हणाली, “यानी जरी कोठे गयी वं?” तिची नजर बरोबर होती. सुती कापड पडलेला उजेड सगळीकडे पसरवतं, जरीचा धागा तसं करत नाही. तो धातूचा, त्याच्या समोर जे असेल तेच तो दाखवतो, आणि उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. कॅमेऱ्याच्या जागेवरून बघितलं तर जरीसमोर खोलीचा अंधारा कोपरा होता, म्हणून जरी तपकिरी सुतळीसारखी दिसत होती. अशा वेळी एक्स्पोजर वाढवून काही मिळत नाही, चेहरा तेवढा पांढरा पडतो. जरीला बघायला एखादी उजळ वस्तू द्यावी लागते. थर्माकोलचा मोठा शीट त्या कोपऱ्यात जमिनीलगत उभा केला, थोडा दाराकडे वळवून, आणि कॅमेऱ्यामागून बघत बघत फिरवला. एका ठरावीक कोनात आल्यावर किनारीवरचे मोर एकेक करून पिवळे होत गेले. चेहऱ्याच्या रीडिंगमध्ये काहीच फरक पडला नाही. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करून बघावा. डोळ्यांसमोर धागा पेटताना दिसतो.

आता आपल्या उन्हाबद्दल, कारण परदेशी पुस्तकांतले काही नियम जळगाव-धुळ्यात तसेच्या तसे चालत नाहीत. आपण साधारण 21 अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, आणि मॉडेलही वैतागते: “ऊन डोयामा जाई ऱ्हायनं ना!” (ऊन डोळ्यांत जातंय ना!) तेव्हा बाहेर पोर्ट्रेट करायची हौस मी सोडून दिली आहे. उत्तरेचा उजेड नेहमी मऊ, हा जुना नियमही बाराही महिने खरा नाही. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य ईशान्येच्या बाजूला उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या दारातही सकाळ-संध्याकाळ थेट ऊन शिरतं. उलट डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 45 अंशांवरच असतो, आणि मुख्य लाइट 45 अंशांवर ठेवा असं तर प्रत्येक पुस्तक सांगतं. म्हणजे थंडीतली दुपार, जी फोटोसाठी वाईट समजली जाते, ती आपल्याकडे चक्क तयार स्टुडिओ आहे. समोर पांढरी चादर धरली की पुरे.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत शूट करणाऱ्यांना एकच सांगते. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि उघड्या आकाशाचा निळसर; दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंग सुधारायच्या सेटिंगने) एकच बाजू सुधारते. बागेच्या कडेला, पानांपासून दूर उभं करा आणि बाग नुसती मागे राहू द्या.

खोलीत, थोड्या सामानात किती दूर जाता येतं याचं उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) यांनी आयुष्याचा मोठा काळ घराबाहेर न पडता काम केलं आणि टेबल-टॉप फोटोग्राफीत, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या फोटोंत, नाव कमावलं. घराला त्यांनी ‘रेम्ब्राँज रिट्रीट’ असं नाव दिलं होतं. टेबलावर सगळी अंतरं इंचांत असतात. दिवा सहा इंचांवरून बारा इंचांवर नेला की दोन स्टॉप गेलेच, त्यामुळे घट म्हणजे काय हे तिथे दहा मिनिटांत कळतं. पोर्ट्रेटवाल्यांनी टेबल-टॉपकडे दुर्लक्ष करू नये असं मला मनापासून वाटतं. मी एका कापड दुकानातून काढून टाकलेलं पुतळ्याचं धड आणलंय, त्यावर पाव मीटरचे तुकडे गुंडाळते आणि टेबल लॅम्प पुढेमागे करते. साटीन, खण, मांजरपाट. तिघांवर एकच दिवा ठेवला तरी साटीनची चमक दिव्याच्या जागेबरोबर हलते, मांजरपाट फक्त अंतराला उत्तर देतं, खणाच्या काठावर दोन्ही घडतं.

सध्याची सेटिंग, ज्यांना तुलना करायची आहे त्यांच्यासाठी: क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, 50 एमएम लेन्स, एफ 2.8, 1/125 सेकंद, आयएसओ 200, चेहरा दारापासून तीन फुटांवर, गल्लीत सावली असताना. एफ 1.8 वर, म्हणजे लेन्स जास्त उघडल्यावर, डोळे धारदार येतात, पण पदराची किनार धूसर होते, आणि फॅशनच्या फोटोत किनार धूसर झालेली मला चालत नाही.

यापुढे डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या दारावर पातळ पांढरं सुती कापड एकेरी लावून दुपारचं ऊन आत घ्यायचं ठरवलंय. कापडावर ऊन पडलं की दार पुन्हा मोठ्या लाइटसारखं वागेल, त्यामुळे घटीचे आकडे आताच्या रीडिंगच्या जवळपास यायला हवेत; फक्त एकूण उजेड जास्त असेल. कोणाकडे तसंच तीन बाय सहाचं दार असेल तर दोन, चार आणि आठ फुटांची रीडिंग घेऊन ठेवा, भिंतीचा रंगही लिहा. चुना दिलेल्या खोलीत घट किती कमी होते हे मला ताडून बघायचं आहे.