तो टँगो

काल रात्री पॉल व्हर्होव्हन यांचा ‘सोल्जर ऑफ ऑरेंज’ (१९७७) पाहताना एका दृश्यापाशी मी चित्रपट थांबवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये गुप्तपणे परतलेला एरिक एका मेजवानीत अ‍ॅलेक्ससमोर येतो आणि लायडनच्या विद्यार्थिदशेतले हे दोन मित्र, भोवती जर्मन अधिकारी असताना, एकमेकांचा हात धरून टँगो नाचतात.

अ‍ॅलेक्स आता एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलात आहे. त्याची आई जर्मन. मे १९४० मधल्या आक्रमणापूर्वी दोघे एकाच छायाचित्रात हसत उभे होते.

मला छळतात ते त्यांचे हात. पावले अगदी जुळतात, कारण सवय जुनी आहे.

माझा जिवलग मित्र असा समोर आला असता, तर मी त्याचा हात धरला असता का?