सांता आनाच्या चौकात

माद्रिदला आले त्याच आठवड्यात प्लाझा दे सांता आना या चौकात मी तासभर नुसती बिलाची वाट बघत बसले होते. वेटर चार वेळा शेजारून गेला, हसला, पण बिल काही आणेना. परकी बाई बघून टाळतोय असं वाटून मनातल्या मनात पुष्कळ चरफडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीनं उलगडा केला. न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे इथे 'उठा आता' असं तोंडावर सांगण्यासारखं! जेवण आटोपल्यावर टेबलाशीच गप्पा मारत रेंगाळण्याला स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' असा खास शब्दच आहे.

तेव्हापासून मी इथे रेंगाळायला शिकतेय. जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री पावणेदहाला, म्हणजे जेवायला दहा वाजणारच. संध्याकाळी सहाला भूक लागली तर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरच बंद असतं. बाहेर चौकात मांडलेल्या टेबलावर बसलात तर तोच पदार्थ आत काउंटरपाशी उभ्यानं खाण्यापेक्षा बहुधा महाग पडतो. मी मुकाट्यानं जास्तीचे पैसे मोजते, कारण बाहेर बसायचं ते चौक बघायला.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. 'मांस नको' असं नीट बजावून मी क्रोकेतास मागवली होती. सोनेरी, कुरकुरीत वळकट्या आल्या. एक मोडली तर आतल्या पांढऱ्या सॉसमध्ये गुलाबी तुकडे! वेटरला दाखवले, तर तो शांतपणे म्हणाला, "हे मांस नाही, हामोन आहे." हामोन म्हणजे मीठ लावून वाळवलेली डुकराची मांडी. तेव्हापासून माझी भिस्त पातातास ब्रावासवर, म्हणजे तळलेले बटाटे आणि वर लालसर, किंचित तिखट सॉस.

हा चौक मुळात मोकळा नव्हताच. इथे सांता आना नावाचा जोगिणींचा मठ होता. नेपोलियननं आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या गादीवर बसवलं आणि त्यानं 1810 मध्ये तो मठ पाडून जागा मोकळी केली. असे इतके चौक त्यानं काढले की लोक त्याला 'पेपे प्लाझुएलास' म्हणजे चौकवाला पेपे म्हणू लागले; पेपे हे जोसेफचंच घरगुती रूप.

पण चौकाच्या टोकाला उभं असलेलं तेआत्रो एस्पान्योल हे नाट्यगृह मला त्याहून जास्त खुणावतं. त्याच जागी 1583 पासून नाटकं होत आली आहेत. सुरुवातीला ते घरांमधलं उघडं अंगणच होतं. प्रयोग भर दुपारी, उजेडात. पुरुष खाली उभे राहून आरडाओरडा करत आणि बायकांसाठी निराळं दार, निराळा सज्जा. त्या सज्ज्याचं नाव 'काथुएला', म्हणजे स्वयंपाकाचं पातेलं! आणि त्या पातेल्यात आणखी बायका मावाव्यात म्हणून त्यांना दाबून बसवायला एक माणूस नेमलेला असे. गंमत म्हणजे 1587 पासून रंगमंचावर स्त्रियांना रीतसर परवानगी होती. नाटकात बाई चालायची, प्रेक्षकांत मात्र पुरुषांशेजारी चालायची नाही.

नाट्यगृहासमोर कवी, नाटककार लोर्काचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्या ओंजळीतून एक पक्षी आता उडेल असा पंख पसरून उभा. लोर्काच्या 'येर्मा' या नाटकाचा पहिला प्रयोग याच नाट्यगृहात 29 डिसेंबर 1934 रोजी झाला. दोन वर्षंही उलटली नाहीत तोच, ऑगस्ट 1936 मध्ये, ग्रनादाजवळ त्याला गोळ्या घातल्या. त्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. त्या पुतळ्याभोवती मुलं पकडापकडी खेळत असतात.

गेल्या शुक्रवारी माझ्या शेजारच्या टेबलावर चार आज्या होत्या. साऱ्या सत्तरी पार केलेल्या; ओठांवर गडद लाली, हातात घडीचे पंखे. बोलणं रंगलं की पंखा फटकन मिटायचा. एकीनं ऑलिव्हच्या बिया बशीच्या कडेनं ओळीनं मांडल्या होत्या, जणू हिशेबच ठेवत होती. अकराच्या पुढे नाटक सुटलं, गर्दी चौकात ओसंडली आणि तीतून पाचवी मैत्रीण आली. कुठेच खुर्ची रिकामी नव्हती. मी माझ्यासमोरची पुढे केली. "ग्रासियास, इखा," ती म्हणाली. ग्रासियास म्हणजे आभार, इखा म्हणजे लेक.

टेबल चौघींनाच अपुरं पडत होतं. चौघी हसत, एकमेकींना कोपरानं ढकलत सरकल्या आणि पाचवीला मधोमध बसवलं. बिलाचं नाव कोणीही काढलं नाही.