दोन पट्ट्यांची गाडी

एप्रिलातल्या दुपारी अडीच वाजता सोलापुरात शहाणं माणूस दाराबाहेर पाऊल टाकत नाही. मी मात्र अंगणातल्या जिप्सीत, मागच्या बाकड्यावर, शिवणाची टेप घेऊन बसले होते. छताचं कापड तापलं की एक वास सुटतो, ताडपत्रीचा आणि जुन्या रेक्झिनचा मिळून. बाकड्याचा लोखंडी पाय पोटरीला लागला की चटका बसत होता. सासूबाई खिडकीतून बराच वेळ बघत असाव्यात. शेवटी न राहवून म्हणाल्या, "अगं, पडदे शिवायचेत का तिला?"

पडदे कसले! लहान मुलाची सीट तिथं बसते का ते बघत होते. सीटची रुंदी खोक्यावरच छापलेली होती, ४४ सेंटिमीटर. पण खरं सांगायचं तर मोजायची काही गरजच नव्हती. माझ्या जिप्सीची मागची बाकडी आडवी, समोरासमोर, वडापच्या जीपमध्ये असतात तशी. त्यांना पट्टे नाहीत. आणि आडव्या बाकड्यावर मुलांची सीट बांधायचीच नसते. गाडीला समोरून दणका बसला की पोराला हिसका कडेनं बसतो आणि त्या हिसक्यासाठी ती सीट केलेलीच नसते. हे सगळं मला पाठ होतं, तरी मोजत होते. माप घेत बसलं की काहीतरी चाललंय असं वाटतं.

ही जिप्सी २००८ची. मी २०१३ साली घेतली, एका खडीक्रशरवाल्याकडून, दोन लाख दहा हजाराला. बँकेत लागून दोन वर्षं झाली होती, लग्न व्हायचं होतं आणि पोरीनं स्कूटी घ्यावी यावर घरात एकमत होतं. रंग मूळचा पांढरा, आता शिळ्या ताकासारखा. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मागच्या खिडक्या म्हणजे चेन लावायचं प्लास्टिक. १३०० सीसीचं इंजिन आणि चारही चाकांना पाटे. खड्डा किती खोल होता ते डोळ्यांच्या आधी कंबरेला कळतं.

गाडीला लाडाचं नाव ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. मागच्या काचेवर आईचा आशीर्वाद लिहून पुढच्याला कट मारणारीही नाहीत. आमच्याकडं तिला नुसतं जिप्सी म्हणतात. सासूबाई 'ते डबडं' म्हणतात आणि थोरली 'ढुर्र'. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात गाडी धुणं म्हणजे उधळेपणाच, त्यामुळं जिप्सी वर्षातून दोनदा धुतली जाते. एकदा दसऱ्याला, आणि एकदा वळवाच्या पावसात. दुसऱ्या वेळी मी काही करत नाही.

टेप हातातून निसटून बाकड्याखाली गेली म्हणून हात घातला, तर आधी ज्वारीचे चार काळपट दाणे निघाले, मग शेंगेचं टरफल, मग धाकट्याचा एक मोजा. मोजा गेल्या थंडीतला असेल. दाणे मात्र मला ओळखीचे वाटले.

एका जानेवारीत मंगळवेढ्याकडं मामांच्या रानात हुरड्याला गेलो होतो. आगटीभोवती सगळे बसलेले, मामा कणसं चोळून गरम दाणे हातावर घालतायत, शेंगाचटणी, गूळ, दही, आणि अचानक आभाळ भरून आलं. अवकाळी. अर्धा तासच पडला, पण काळं रान ओलं झालं की ती माती राहत नाही, लापशी होते, आणि धरलेलं चाक सोडत नाही. मामेभावाची नवीकोरी गाडी, बॉनेटवरचं स्वस्तिक अजून ताजं असलेली, बांधाजवळ दारापर्यंत रुतली. चार गडी ढकलून दमले, चौघांच्या तोंडावर चिखल. मी नायलॉनचा दोर बांधला, आखूड दांडा फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकं जोर लावतात त्या गिअरात टाकला आणि क्लच सोडला. जिप्सीनं एकदा मान झटकल्यासारखं केलं आणि निघाली, मागनं ती नवी गाडी, म्हशीमागनं रेडकू यावं तशी. मामी पदरात हुरडा घेऊन उभ्या होत्या. "पोरीनं ओढली की गं!" असं म्हणून त्यांनी जो हात हलवला, त्यात अर्धा हुरडा चिखलात गेला आणि उरलेला त्यांनी माझ्या गाडीत ओतला. कौतुकानं की चुकून, ते अजून ठरलेलं नाही.

त्या दिवसानंतर निदान माहेरी मला कुणी स्कूटीचा विषय काढला नाही.

मला 'फॅमिली गाडी' या शब्दाचा राग आहे. जाहिरातीत ती चंदेरी असते, मागं दोन पोरं हसत असतात आणि एकही पोर ओकत नसतं. थोरली झाली तेव्हा शेजारपाजाऱ्यांपासून शाखेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं, आता फॅमिली गाडी घ्या. मी म्हणायचे, माझी फॅमिली बसतेय की हिच्यात! आणि बसत होतीही. तान्ह्या मुलाची उलट तोंडाची सीट एअरबॅगसमोर ठेवायची नसते. जिप्सीत एअरबॅगच नाही, त्यामुळं तिच्यातलं न्यून माझ्या पथ्यावर पडलं. थोरली पुढं माझ्या शेजारी, पट्ट्यानं आवळलेली, आणि नवरा मागच्या बाकड्यावर, वडापमधल्या शेवटच्या गिऱ्हाइकासारखा, एक हात छताच्या दांड्याला. अक्कलकोट, तुळजापूर, पावसाळ्यात नळदुर्गचा धबधबा, सगळं असंच झालं. बिचारा कधी बोलला नाही. उतरल्यावर थोडा वेळ वाकून चालायचा, एवढंच.

मग धाकटा आला. गाडीत पट्टे दोन. एक माझा. उरला एक, आणि पोरं दोन. पहिलीच्या पुस्तकातलं गणित आहे, पण दीड वर्ष झालं, मला सुटत नाही.

कागदपत्रांची अडचण असती तर बरं झालं असतं. पंधरा वर्षं भरली तेव्हा थोरली पोटात, सातवा महिना. पासिंगला गाडी मीच घेऊन गेले. फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२पासून सहाशेची पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर. तपासायला आलेल्या साहेबांनी आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं, आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही सावलीत बसा." पाच वर्षं मिळाली. म्हणजे सरकारच्या लेखी ती २०२८पर्यंत धडधाकट आहे. सरकारनंच नाही म्हटलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. दुसरीकडं त्याच सरकारच्या कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं कलम १९४बी आलंय, की चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या सीटविना गाडीत नेलं तर हजार रुपये दंड. आजवर मला त्यासाठी कुणी थांबवलेलं नाही. दंड भरून गाडी ठेवता आली असती तर मी वर्षाचा एकदम भरला असता.

नवरा पोरं झोपल्यावर मोबाईलवर गाड्या आपटण्याचे व्हिडिओ बघतो. आवाज बंद करून. गाड्यांची सुरक्षा तपासणारे ग्लोबल एनकॅपवाले ताशी ६४ किलोमीटरनं गाडी आणून आपटतात ते. आत माणसांच्या जागी बाहुल्या. सगळं जग पुढच्या बाहुल्यांकडं बघतं, हा मागच्या बघतो. जुन्या चाचण्यांत मागं दोन असायच्या, एक तीन वर्षांच्या मुलाच्या मापाची, एक दीड वर्षाच्या. आमची दोन्ही सध्या नेमकी त्याच मापाची आहेत. एका रात्री मी उशीवरून विचारलं, "जिप्सीचा आहे का?" "सापडला नाही," म्हणाला, आणि मोबाईल पालथा ठेवला.

मेकॅनिक चौकाकडच्या आमच्या मिस्त्रींना विचारलं, त्यांनी पान्हाच खाली ठेवला. "इकलालाव काय ताई? इकू नका बघा. कंपनीनं बंद केली, परत नाय मिळायची." मी पट्ट्यांचं सांगितलं. ते आत जाऊन बाकड्याच्या कडेला बोटानं टकटक करून आले. "एवढंच ना? जुन्या बाजारातनं पट्टे आणतो, कड्या वेल्डिंग मारतो. सातशे रुपयात काम." खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी तासभर या सातशे रुपयांवर खूश होते. रात्री आठवलं, की मागचा पत्रा मागच्याच पावसाळ्यात दोन ठिकाणी सडला म्हणून मिस्त्रींनीच ठिगळ मारलं होतं. त्या ठिगळाला कडी, कडीला पट्टा, आणि पट्ट्याला माझं पोर.

एक गिऱ्हाईकही येऊन गेलं. तरुण पोरगा, ट्रेकला नेणार म्हणाला. खिशातून लोहचुंबक काढून दारांवरून फिरवत होता, पत्र्यात लांबी, म्हणजे पुटी, कुठं भरलीय ते बघायला. डाव्या दाराच्या खाली चुंबक चिकटेना, तेव्हा त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मुलगी बघायला आलेल्यांनी जरा चालून दाखव म्हटल्यासारखं झालं. मी सांगितलं नाही की तो पोचा क्रशरवाल्याच्या काळातला. उगाच सांगा कशाला? मालकाचं नाव बदलायचे फॉर्म त्यानंच आणले होते. एकोणतीस नंबरच्या फॉर्मवर सही केली. तीस नंबरवरची राहिली. फ्रिजवर आहेत दोन्ही, लाइटबिलाखाली.

या सगळ्यात जिप्सीच्या बाजूनं ठामपणे उभे होते ते एकटे अण्णा, माझे वडील. स्कूटी घे म्हणणाऱ्यांत तेव्हा सर्वांत मोठा आवाज त्यांचा, पण आता बाजू बदललेली. "पट्टे-बिट्टे काय काढलंस? आपण स्कूटरवर चौघं हिंडलो. मेलो का आपण?"

हिंडलो, हे खरं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघून रात्री परत निघायचो तेव्हाची आमची मांडणी ठरलेली होती. मी पुढं उभी. मग अण्णा. मग त्यांच्या पाठीला चिकटून झोपलेला धाकटा भाऊ, आईच्या ओढणीच्या... छे, ओढणी कुठली, आईच्या जुन्या साडीच्या पट्टीनं बांधलेला. मग आई, एका बाजूला पाय सोडून, हातात कागदी भिरभिरं. आता चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर अंगाला पट्टा आणि डोक्याला हेल्मेट हवं, वेग चाळीसच्या आत हवा, असा नियम आहे. तेव्हा माझा पट्टा म्हणजे अण्णांचे गुडघे. ब्रेक लागला की ते दोन्हीकडून येऊन मला आवळायचे. टेरिकॉटची पँट, तिची ती खरखर अजून दंडाला आठवते. वारं तोंडावर, मागं आकाशात शेवटचा एखादा बाण फुटलेला, आणि वाटायचं, गाडी मीच चालवतेय.

एका वर्षी सात रस्त्याजवळ एक सायकलवाला आडवा आला. गुडघे आले, पण जरा उशिरा. माझी हनुवटी स्पीडोमीटरवर. काच फुटली, तीन टाके पडले, आणि मीटरचा काटा तिसावर अडकला तो कायमचा. आमच्याकडं हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगतात. हिनं हनुवटीनं मीटर फोडला, तेव्हापासून अण्णांची स्कूटर उभी असली तरी तिसानं पळते! मीही सांगते. नवऱ्याला पहिल्या भेटीत हाच सांगितला होता.

तर त्या दुपारी पाचच्या सुमारास अण्णा आले, नेहमीसारखे रिक्षानं, नातवंडांसाठी बिस्किटाचा पुडा घेऊन. पोरं झोपलेली. मी परत गाडीत शिरले होते, या वेळी पुढची सीट मोजायला, आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. अण्णा काही न बोलता मागच्या फळीवर पाय देऊन वर आले. पंचाहत्तरीत त्यांनी तसं चढू नये. बाकड्यावर बसले, टेप धरली. बसल्या बसल्या त्यांनी तळहातानं बाकडं चाचपलं, कडेपर्यंत, जिथं दीड वर्षाच्या पोराचे पाय आले असते तिथपर्यंत.

मला वाटलं, आता ते मेलो का आपण म्हणणार. उत्तर माझ्याकडं तयार होतं.

"तो मीटर," अण्णा म्हणाले.

"कुठला?"

"स्कूटरचा. नवा आणला होता मी, त्याच आठवड्यात. ऐंशी रुपयांना. कपाटात होता."

"मग बसवला का नाही?"

अण्णांनी त्यावर काही सांगितलं नाही. टेपचं टोक त्यांनी दोन बोटांत घट्ट धरलं होतं, इतकं की माझ्याकडची बाजू ताणली गेली.

"किती आलं बघ," म्हणाले.