कॉन्कॉर्ड ते लेक्सिंग्टन: पायी जाणार असाल तर

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या या दोन गावांमध्ये 1775 ला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई झाली. 'कॉन्कॉर्डच्या पुलापासून लेक्सिंग्टनपर्यंत आठ किलोमीटर, सरळ ट्रेल' असं ज्यांनी सांगितलं, ते स्वतः गाडीने गेले असणार. ट्रेल आठ किलोमीटरचा खरा, पण हा बॅटल रोड ट्रेल मेरियम्स कॉर्नरला सुरू होतो. नॉर्थ ब्रिजपासून, म्हणजे त्या पुलापासून, तिथवर साधारण तीन किलोमीटर गावातून चालावं लागतं. शिवाय ट्रेल संपतो तो फिस्क हिलला. लेक्सिंग्टनची हिरवळ, म्हणजे गावातलं लढाईचं मैदान, तिथून पुढे हायवेपलीकडे, दोन किलोमीटरहून लांब. हा शेवटचा टप्पा म्हणजे निव्वळ फुटपाथ आणि गाड्या. पायाचे तुकडे पडतात, आणि बघायला काही नाही.

तरी सुरुवात पुलापासूनच करा. 19 एप्रिल 1775 ला लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर मिलिशियाचे, म्हणजे इंग्रजांशी लढणाऱ्या गावकऱ्यांच्या फौजेचे, 8 जण मारले गेले. तो विजय नव्हताच. इंग्रजांना पहिली माघार घ्यावी लागली ती इथे: पुलावर शंभरेक इंग्रज शिपाई आणि समोरून उतरणारे चारेकशे शेतकरी. आताचा पूल नंतर बांधलेला आहे, पण नदी पाहिली की मारा किती जवळून झाला ते कळतं.

खिंड-बिंड शोधत जाऊ नका. वाट जवळजवळ सपाट, खडीची, मध्ये पाणथळीवर लाकडी फळ्या. ब्लडी अँगलला मात्र थांबाच. रस्ता झाडीत एकदम वळतो आणि कडेच्या दगडी भिंती जेमतेम गुडघ्याएवढ्या आहेत. आदल्या रात्रीपासून चालणारे, आता बॉस्टनला परतणारे सातेकशे इंग्रज शिपाई इथे दोन्ही बाजूंच्या माऱ्यात सापडले. लेक्सिंग्टनला त्यांच्या मदतीला इंग्रज सेनानी पर्सीची हजारेक माणसं आणि दोन तोफा आल्या, म्हणून निभावलं. तरी दिवसअखेर इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून 273 झाले. डोक्यावरून शेजारच्या हॅन्सकॉम विमानतळाची विमानं जात राहतात, त्याला इलाज नाही.

वाटेतली जुनी खानावळ, हार्टवेल टॅव्हर्न, वगैरे ठीक.

ही वाट राष्ट्रीय पार्कातली, तिला तिकीट नाही. लुटतात ते परतीला. हिरवळीजवळ एका टॅक्सीवाल्याने कॉन्कॉर्डसाठी साठ डॉलर मागितले, आणि दमलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही. कॉन्कॉर्डला परतूच नका. जाताना बॉस्टनहून फिचबर्ग लाइनची ट्रेन घ्या, येताना लेक्सिंग्टनहून एलवाइफ मेट्रो स्टेशनची बस. सुटीच्या दिवशीचं वेळापत्रक मात्र निघण्याआधीच बघा. गवतात शिरलात तर रात्री पोटऱ्यांवर गोचीड तपासा. तिथे त्यांच्या चाव्याने लाइम रोग होतो.