तुम्ही विचारलंत म्हणून: साचे चार दिवस पाण्यात कशाला?

रस्त्याखालची माती किती भार पेलते, याचा आकडा म्हणजे सीबीआर; आमच्या लॅबमध्ये तो माती साच्यात भिजवून काढतात. साइटवरून फोन आला की प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, तुमच्याकडे आता मशीन लर्निंग आहे ना? मग सीबीआर लगेच सांगा की. चार दिवस साचे पाण्यात कशाला ठेवायचे?"

काळ्या मातीसाठी ठेवायचे. मे महिन्यात आणलेलं तिचं ढेकूळ हातोडीनेही लवकर फुटत नाही. तीच माती साच्यात ठोकून भरली आणि ९६ तास पाण्यात ठेवली की फुगते. मग ५० मिलिमीटर व्यासाचा प्लंजर, म्हणजे पोलादी दांडा, तिच्यात दाबायचा. प्रमाण मानलेल्या खडीत तो २.५ मिलिमीटर आत जायला १३७० किलो भार लागतो. आपल्या मातीला त्याच्या किती टक्के भार पुरला, तो सीबीआर. तो ३ आला, म्हणजे ४१ किलोच पुरले. सिमेंटच्या एका गोणीचं वजन याहून जास्त असतं. पावसाळ्यात त्या रस्त्याखाली हीच माती असणार आहे.

सीबीआरचा अंदाज सांगणारं मॉडेल आम्ही लॅबच्या जुन्या रजिस्टरांवरून केलं. लिक्विड लिमिट (किती पाण्यावर माती पातळ होते), प्लास्टिसिटी इंडेक्स (किती पाण्याच्या टप्प्यात ती मळता येते), बारीक मातीचं प्रमाण, प्रॉक्टर या ठोकण्याच्या चाचणीतली घनता आणि ओलावा एका बाजूला, भिजवलेला सीबीआर दुसऱ्या बाजूला. यात जादू नाही. माती किती पाणी धरते हे तिच्यातल्या चिकणमातीवर ठरतं, आणि भिजल्यावर ती किती ढिली पडते हेही बरंचसं त्यावरच. म्हणून अंदाज बांधता येतो.

पहिले निकाल इतके सुरेख आले की मी हरखून गेले. मग एका सहकाऱ्याने विचारलं, तपासायला ठेवलेले नमुने कुठल्या खाणीतले? पाहिलं तर ज्या खाणींवर मॉडेल शिकलं होतं, त्याच खाणींतले. यादी सरमिसळ करून वाटल्यामुळे शेजारशेजारचे नमुने दोन्हीकडे गेले होते. आम्ही एकेक खाण पूर्ण बाजूला ठेवून पुन्हा तपासलं, तेव्हा चुका उघड्या पडल्या. सर्वांत वाईट चुका काळ्या मातीतच. रजिस्टरात मुरमाच्या नोंदी जास्त, त्यामुळे मॉडेल कमकुवत मातीलाही सरासरीकडे ओढत होतं.

मॉडेलने सीबीआर बाराचा तेरा सांगितला तर फारसं बिघडत नाही. तीनचा पाच सांगितला तर मात्र रस्ताच बिघडतो. आयआरसी ३७ या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे सीबीआर ५ पर्यंत असेल तर त्याला १० ने गुणून मातीचा मोड्युलस, म्हणजे ताठपणा, धरतात. म्हणजे ३० मेगापास्कलच्या जागी ५० धरले जाणार आणि वरचे थर पातळ होणार. शिवाय जड वाहतुकीच्या रस्त्याला सबग्रेडचा, म्हणजे थरांखालच्या मातीच्या पायाचा, सीबीआर किमान ५ लागतो. चुना मिसळायची किंवा बदलायची माती अशाने पास होऊन जाईल. ही जोखीम मला मान्य नाही.

तरी मॉडेल मी रोज वापरते, आणि आवडीने. लांब रस्त्यावर माती कुठे बदलते, आणखी एक खड्डा कुठे घ्यायला हवा, कुठला नमुना आधी भिजवायचा, हे ते पटकन दाखवतं. मॉडेल आणि प्रयोगशाळा यांच्यात मोठा फरक पडला तर आम्ही चाचणी पुन्हा करतो. एकदा अशानेच दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल सापडली.

म्हणून फोनवर माझं उत्तर असतं: "दादा, पुढचे खड्डे कुठे घ्यायचे ते आज सांगते. साचे गुरुवारी भिजवलेत, थरांची जाडी सोमवारी."