थंडीत पिल्लू ऊब कुठून आणतं?

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि ब्रूडरमधली (बल्बने ऊब देणाऱ्या कप्प्यातली) कोंबडीची पिल्लं एकमेकांवर चढून गठ्ठा करतात. शरीरात नेमकं काय चाललंय हे कळलं, तर बल्ब कधी वाढवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

पक्ष्यांत सस्तन प्राण्यांसारखी उष्णता देणारी तपकिरी चरबी नसते. भट्टी म्हणजे स्नायू. कोवळ्या पिल्लाची छाती अजून भरलेली नसते, त्यामुळे थरथर मुख्यतः मांड्या-पायांच्या स्नायूंत होते. ही भट्टी किती तापवायची हे थायरॉईड ठरवते. ती टी-४ हे हार्मोन सोडते, पण ते जवळजवळ कच्चा माल. यकृतासारख्या अवयवांत एक आयोडीन अणू काढला की टी-३ होतं, खरं काम त्याचंच. थंडी लागली की रक्तात टी-३ वाढतं. आयोडीन काढणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम लागतं, म्हणून खाद्यातल्या मिनरल मिक्श्चरमध्ये काटकसर नको. मोहरीची पेंड जास्त पडली तर तीही थायरॉईडला आडवी येते.

जळण पुरवतो ग्लुकागॉन, स्वादुपिंडातला हार्मोन. तो चरबी फोडून फॅटी अॅसिड रक्तात सोडतो. माणसांत आणि उंदरांत ही कामगिरी नॉरअॅड्रेनॅलिन या हार्मोनची, पक्ष्यांत मात्र त्याचा इथे फारसा उपयोग नाही. मस्कोव्ही बदकाची पिल्लं काही आठवडे ४ अंशांत वाढवली, तेव्हा ती थरथर न करताही स्नायूंतून उष्णता काढू लागल्याचं फ्रान्समधल्या प्रयोगांत दिसलं. पण ही सवय लागायला वेळ जातो, एका रात्रीत नाही.

खरी गोची उपासमारीची. गठ्ठा करून बसलेलं पिल्लू खाद्याकडे फिरकत नाही आणि उपाशी शरीरात यकृत टी-३ मोडायला लागतं. म्हणजे ऊब सर्वाधिक हवी तेव्हाच भट्टी मंदावते. पिवळ्या बलकाचा उरलेला साठा पहिले दोन-तीन दिवस सांभाळतो, पुढे नाही.

त्यामुळे पिल्लं यायच्या २४ तास आधी शेड तापवा. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटर छताला नको, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा. तुसाखालची फरशी गार असेल तर हवेचा आकडा फसवतो. पिल्लाचे पाय गालाला लावून बघा, गार लागले की समजा. गुदद्वाराचं तापमान ४० अंशांच्या आसपास हवं. २४ तासांनी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा, जवळपास सगळ्यांची मऊ भरलेली असायला हवी.

"पिल्लं जगली, झालं" असं म्हणणारे ब्रॉयलरवाले पुढचा हिशेब विसरतात. ऊब टिकवायला प्राणवायू जास्त लागतो, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, हृदयाची उजवी बाजू थकते. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात पोटात पाणी भरून मर लागते आणि दोष खाद्याला जातो.