पालिकेचं बिल आणि आमचा गुरुवारचा अंक

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1978 साली बसस्टँडमागच्या खोलीत जुनी ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईचं मशीन) बसवली, तेव्हा पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते नगरपालिका. घरपट्टीच्या पावत्या, पाणीपट्टीची बिलं, बाजारवसुलीची पुस्तकं. पाच वर्षांनी त्याच ट्रेडलवर साप्ताहिक सुरू झालं आणि पहिल्या अंकाची पहिली बातमीही पालिकेचीच होती, तुंबलेल्या गटारीची. ज्याच्या पैशातून शाई आणायची, त्याच्याच अंगावर ती उडवायची, असा हा धंदा.

जळगाव जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. नुसत्या वर्गणीवर इथे कागदाचाही खर्च निघत नाही. छापखाना चालतो लग्नपत्रिका, केळीच्या वजनाच्या पावत्या आणि कापसाच्या जिनिंगच्या गेटपासवर. साप्ताहिक चालतं दोन गोष्टींवर : नेत्यांच्या वाढदिवसाची पानं (एका पानात चाळीस डोकी, आणि एकाचा फोटो शेजाऱ्यापेक्षा लहान झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात) आणि पालिकेच्या जाहीर सूचना, निविदा. वाढदिवसवाले रोख देतात. पालिकेचं बिल लेखापालांच्या टेबलावर जाऊन पडतं. ते कधी निघेल हे आपण आधीच्या गुरुवारी काय छापलं यावर ठरतं, असं कुणी बोलून दाखवत नाही.

1988 ची गोष्ट. मी तेव्हा शाळेत होतो, पण रात्री छापखान्यात छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, खणांच्या पेटीत परत टाकायला बसायचो. अकराच्या सुमारास एक ठेकेदार आला. रस्त्याच्या कामाची निविदा त्या आठवड्यात आमच्याकडे आली होती. बसता बसताच म्हणाला, "आण्णा, दोनच अंक काढा. एक फाइलले, एक बिलले. बाकीना अंकमा लगनना फोटू टाकी द्या."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : निविदा वर्तमानपत्रात आली पाहिजे असा नियम. ती आल्याचा पुरावा म्हणजे अंकाचं कात्रण. मग निविदा असलेले दोन-चार अंक वेगळे काढायचे आणि गावात वाटायचे ते अंक निराळे. कागदावर सगळं रीतसर, बाहेरच्या ठेकेदाराला मात्र पत्ता नाही. आपसात ठरवून तीन निविदा भरायच्या आणि एकाने काम घ्यायचं. त्या काळी अशा दोन प्रतींचे चांगले पैसे मिळत.

आण्णा हात पुसत म्हणाले, "मशीनले दोनवर थांबता येत नही भो."

निविदा सगळ्या अंकांत गेली, तीही पहिल्या पानावर. त्या कामाला पाच निविदा आल्या आणि ते अंदाजपत्रकापेक्षा कमी दरात गेलं. महिन्याभरात आमच्या जाहिराती बंद झाल्या, पावत्यांची छपाई दुसरीकडे गेली. अडीच वर्षं. आई तेव्हा घरी बसून लग्नपत्रिकांची पाकिटं चिकटवायची, त्या खळीचा वास अजून नाकात आहे. पुढे निवडणूक होऊन मंडळ बदललं आणि नवे नगराध्यक्ष स्वतःच चहाला आले. आमच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. जुन्या मंडळाने बंद केलेलं सुरू करायचं, एवढंच.

आण्णांचं सांगून झालं, आता माझं सांगतो. 2004 च्या पावसाळ्यात जलशुद्धीकरण केंद्रावर तुरटी संपली होती. नळाला पिवळं पाणी. आमच्याकडे फोटो होता, स्टोअरच्या नोंदवहीची माहिती होती, बातमी लिहून तयार होती. त्याच आठवड्यात नवीन ऑफसेट मशीनचा हप्ता होता आणि आमचं वर्षभराचं बिल सहीला गेलं होतं. मी बातमी एक गुरुवार थांबवली. बिल निघालं. पुढच्या गुरुवारी बातमी छापली, तोवर तुरटी येऊन पडली होती. आण्णा तेव्हा फक्त प्रूफ बघायचे. त्यांनी ती बातमी वाचली, तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद परत दिला.

मुख्याधिकाऱ्यांची नोटीस आली ती 2009 साली, पालिकेच्या बदनामीपोटी भरपाई द्या म्हणून. मी घाबरलो होतो. वकीलसाहेबांनी हसून चहा मागवला. 1994 साली ऑटो शंकर या कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की, सरकार किंवा स्थानिक संस्थेला अब्रूनुकसानीच्या भरपाईचा दावा लावता येत नाही. अधिकारी स्वतःच्या नावाने लावू शकतो. पण लिखाण त्याच्या सरकारी कामाबद्दल असेल, तर ते खोटं आहे आणि सत्याची पर्वा न करता छापलंय हे त्याने दाखवायचं. आम्ही दोन पानी उत्तर दिलं. पुढे काही आलं नाही.

खरी पंचाईत झाली ती भांडणाविना. 2016 ला निवडून आलेल्या मंडळाची मुदत 2021 अखेर संपली आणि प्रशासक बसले. सर्वसाधारण सभा नाही, म्हणजे विषयपत्रिका नाही, विरोधकांची आरडाओरड नाही, सभेतून उठून जाणं नाही. ठराव बंद खोलीत. निविदा तर आधीच ऑनलाइन गेल्या होत्या. त्या काळात आमच्या अंकात सगळ्यात जास्त वाचली गेलेली चौकट म्हणजे पाण्याचं वेळापत्रक, कुठल्या गल्लीला कितव्या दिवशी. ते पालिकेकडून येत नसे, व्हॉल्व्ह फिरवणारे आबा बुधवारी रात्री फोनवर सांगायचे. एकदा चुकून दोन गल्ल्या उलटसुलट छापल्या, तर पंचवीस बायका हंडे घेऊन छापखान्यासमोर. पालिकेसमोर एकही नाही!

गेल्या वर्षी जुन्या अंकांच्या फायली काढल्या. निम्म्या वाळवीने खाल्लेल्या. 1988 चा तो अंक हवा होता, तोच नाही. म्हणून माहिती अधिकारात पालिकेकडे अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी त्या रस्त्याच्या कामाची फाइल धूळ झटकून पुढे ठेवली. आत आमचा अंक, घडी घालून, टाचणीला गंज चढलेला. अंकाला आण्णांच्या अक्षरातलं जाहिरातीचं बिल जोडलेलं, एकशे बावीस रुपयांचं. त्यावर लाल शाईत शेरा : 'चर्चा करावी.'

बिल अजून निघालेलं नाही. मी पानाला दोन रुपये भरून आमच्याच अंकाची झेरॉक्स घेऊन आलो.